जिम्नी दोन इंच लिफ्ट केल्यापासून स्टिअरिंग डुगडुगतंय, हेवी ड्यूटी टाय रॉड टाकू का?

घाटवेडा_१२
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या. गाडी जिम्नी, पाच दारांची, मॅन्युअल. पावसाळ्याआधी २ इंच लिफ्ट, म्हणजे उंच, करून घेतली, स्प्रिंग आणि शॉक चारही बदलले, कंपनीचे १९५/८० आर १५ काढून २३५/७५ आर १५ एटी (ऑल टेरेन) टायर टाकले आणि रिमही जरा बाहेर येणारे घेतले कारण फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की, टायर आतल्या रेडियस आर्मला (अ‍ॅक्सल चासीला जोडणारा दांडा) घासत होता. गाडी दिसते एक नंबर. पानशेतच्या मागच्या बाजूला, वेल्ह्याकडे, जिथे आधी पोट घासायचं तिथे आता बिनधास्त जाते, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

तक्रार डांबरी रस्त्याची आहे. सरळ चाललो असलो तरी स्टिअरिंग घड्याळात एक वाजल्यासारखं तिरकं राहतं. रस्त्यावर आडवी पट्टी किंवा पुलाचा जॉइंट आला की मी स्टिअरिंग हलवलेलं नसताना गाडी झटकन डावीकडे सरकते, जोरात ब्रेक मारला तरी तसंच, डावीकडेच. आणि सगळ्यात भयानक म्हणजे कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना दरी पुलाच्या जॉइंटवर ७५-८० ला गाडी गेली की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं, डॅशबोर्डसकट सगळी गाडी हलते, ५० च्या खाली आणली की आपोआप थांबतं. तो उतार कसाय ते पुणेकरांना सांगायला नको, मागे ट्रक असताना तिथे एकदम स्पीड कमी करायचा म्हणजे जीव मुठीत. बायकोने हायवेला या गाडीत बसायचं बंद केलंय. हां आणि घाटात वळणावर ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा) दिवा मधूनच लुकलुकतो, हे लिफ्टच्या आधी कधी नव्हतं.

ज्या गॅरेजमध्ये लिफ्ट केली ते म्हणतात लिफ्ट केल्यावर एवढं तर होणारच, आता हेवी ड्यूटी टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा), हेवी ड्यूटी ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारी) आणि डबल स्टिअरिंग डँपर (झटके मऊ करणारा) टाका, सगळं मिळून ४० हजारांच्या आसपास. पैसे घालायला हरकत नाही पण घालून प्रश्न सुटणार का? की भोसरीत कुणाकडून ईएन ८ स्टीलच्या बारमधून रॉड टर्न करून घेऊ, स्वस्तात पडेल? आणि आरटीओचं काही लफडं होतं का यात? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

रानगवा
दादा डोळे झाकून डँपर टाक. माझ्या थारला ३३ इंची टायर टाकल्यावर असंच व्हायचं, अलाइनमेंट केली, नवा डँपर टाकला, मख्खन झाली गाडी.

चाकणचा_चेसिसवाला
@रानगवा भावा तुझी थार २०२० नंतरची असेल तर तिला पुढे डबल विशबोन (दोन्ही चाकं स्वतंत्र) आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आहे. जिम्नीला पुढे सलग अ‍ॅक्सल, रेडियस आर्म, पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवा धरणारा) आणि रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा स्टिअरिंग बॉक्स. थारला लिफ्ट केल्यावर जे बिघडतं आणि जिम्नीला जे बिघडतं त्याचा एकमेकांशी संबंध नाही. आणि तुझ्यात काम डँपरने केलं की अलाइनमेंटने, हे दोन्ही एकदम केल्यावर कळणार कसं?

@घाटवेडा_१२, तू एकाच पोस्टमध्ये तीन वेगवेगळे रोग सांगितलेस आणि गॅरेजवाल्याने तिन्हीवर एकच औषध दिलं. रात्री निवांत लिहितो. तोपर्यंत एक काम कर, गाडी सपाट जागेवर उभी करून समोरून बंपरखाली वाकून एक फोटो काढ, ज्यात ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड दोन्ही पूर्ण दिसतील. टाकून दे इथे.

पेठेतला_पान्हा
चेसिसवाल्यांशी सहमत. मी इंजिनिअर वगैरे नाही, बरीच वर्षं जिप्सी बाळगून आहे, आणि नाना पेठेत पार्टसाठी हिंडण्यात अर्धं आयुष्य गेलंय. एक रुपयाही खर्च करायच्या आधी खालची तपासणी घरच्या घरी कर.

गाडी सपाट जागी, गिअरमध्ये नको, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. चाकं जमिनीवरच पाहिजेत, जॅक नको. इंजिन चालू ठेवायचं कारण पॉवर स्टिअरिंगचा जोर लागला पाहिजे. घरातल्या कुणालातरी आत बसव आणि स्टिअरिंग थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे, दहा ते दोनच्या मध्ये, सारखं हलवत राहायला सांग. आणि तू खाली आडवा हो, चाकाच्या समोर नाही, बाजूने. मग एकेका जॉइंटवर हात ठेवत जा. पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, पॅनहार्डची दोन्ही टोकं, बॉक्स चासीला जिथे बोल्ट केलाय ती जागा. डोळ्याला दिसत नाही असा प्ले, म्हणजे सैलपणा, बोटाला लागतो. ज्या जॉइंटला एक बाजू हलते पण दुसरी जराशी उशिरा हलते तो गेला. पॅनहार्डच्या बोल्टकडे विशेष लक्ष दे, तिथे लालसर पूड दिसली किंवा वॉशरभोवती पत्रा घासून चमकत असला तर बोल्ट भोकात खेळतोय.

हे झालं की मग पुढची बाजू जॅकवर घे, खाली स्टँड लाव, नुसत्या जॅकवर विश्वास नको. चाक वरखाली धरून हलव, म्हणजे घड्याळात बारा आणि सहाला. तिथे खडखडलं तर किंगपिन बेअरिंग (ज्यावर चाक डावीउजवीकडे वळतं) नाहीतर व्हील बेअरिंग. ब्रेक दाबून धरायला सांग, तरी खडखडलं तर किंगपिन, थांबलं तर व्हील बेअरिंग. नऊ आणि तीनला हलवून टाय रॉड एंड कळतात. जिप्सीला किंगपिनखाली शिम (पातळ चकत्या) असतात, ते कमी करून प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा घट्टपणा, घ्यायचा आणि स्प्रिंगच्या काट्याने नकल (चाकासकट वळणारा भाग) ओढून बघायचा. मोठे टायर टाकलेल्या कितीतरी जिप्सींची डुगडुग फक्त एवढ्याने गेलेली मी बघितलीये, टाय रॉडला कुणी हात पण लावला नव्हता.

सोसायटीतले लोक बघायला जमतील, त्यांना काय झालं काय झालं विचारू दे, लक्ष देऊ नको.

मावळची_मुलुखगिरी
माझ्याकडे पण जिम्नी आहे, लिफ्ट दीडच इंच आहे. पान्हाकाकांनी सांगितलेली टेस्ट खरंच करा. मी एकच भर घालते, आधी मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे करून बघा, फुकटचं काम आहे. थडथडीचा स्पीड बदलला किंवा प्रकार बदलला तर टायर किंवा बॅलन्सिंगमध्ये गडबड. २३५/७५ आर १५ चा घेर साधारण २.३ मीटर भरतो म्हणजे ८० ला तो टायर सेकंदाला साडेनऊच्या वर फेऱ्या मारतो, एवढ्या वजनदार टायरला एका जागी थोडं वजन कमीजास्त असलं तरी स्टिअरिंगला सेकंदाला तितके ठोसे बसतात. एटी टायरला बरेच बॅलन्सिंगवाले दोनचार वजनं चिकटवून मोकळे होतात, चिखलात गेली की ती वजनं पडतात. रिमच्या आतला सुकलेला चिखल पण काढा आधी, मी गंमत करत नाहीये.

आणि हात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवून बघा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर असण्याचा हिशोब, बिघडलाय.

घाटवेडा_१२
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कार्यक्रम केला. बायको आत, मी खाली, आणि वॉचमन काका टॉर्च धरून.

किंगपिन, व्हील बेअरिंग टाइट वाटले. टाय रॉडची टोकं पण ठीक, रबर फाटलेलं नाही. पॅनहार्डच्या अ‍ॅक्सलकडच्या टोकाला मात्र बोटाला स्पष्ट टक्टक् लागतेय आणि तिथे पान्हाकाका म्हणाले तशी लाल पूड आहे. फोटो टाकलाय. त्यात एक गोष्ट मलाच नवीन होती, पॅनहार्डचं अ‍ॅक्सलकडचं टोक मूळ जागेवर नाहीये, गॅरेजवाल्यांनी तिथे एक जाड पत्र्याचा ब्रॅकेट बोल्ट करून ते टोक वर उचललंय, टेपने मोजलं तर जवळजवळ ४० मिमी. फोन लावून विचारलं तर म्हणाले लिफ्टमुळे अ‍ॅक्सल उजवीकडे सरकतो म्हणून दिलाय, किटचाच भाग आहे. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप रॉडला लावून अँगल घेतले, पॅनहार्ड ८ डिग्री, ड्रॅग लिंक ११. यात काही आहे का?

चाकणचा_चेसिसवाला
आहे म्हणजे? सगळं त्यातच आहे.

आता सविस्तर. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत कॉइल स्प्रिंग अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवत नाही, ते काम पॅनहार्डचं. त्याचं एक टोक चासीला, आपल्याकडे उजव्या बाजूला, दुसरं अ‍ॅक्सलला डावीकडे. ड्रॅग लिंक पण तशीच, उजवीकडे पिटमन आर्मपासून डावीकडच्या नकलपर्यंत. चाकं वरखाली होतात तेव्हा अ‍ॅक्सल पॅनहार्डच्या टोकाभोवती कमानीत फिरतो आणि त्यामुळे थोडा डावीउजवीकडे सरकतो. ड्रॅग लिंकचं टोकही तशाच कमानीत फिरलं तर अ‍ॅक्सल जेवढा सरकला तेवढीच लिंक सरकते आणि चाकाला काही पत्ता लागत नाही. म्हणून हे दोन रॉड समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे ठेवलेले असतात. एकाच जूचे बैल आहेत ते, एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्याने टाकलंच पाहिजे.

तुझ्या गाडीत एका बैलाला उचलून वेगळ्या पातळीवर बांधलाय. फरक ३ डिग्रीचा, ऐकायला किरकोळ. आता हिशोब बघ. पुलाच्या जॉइंटवर अ‍ॅक्सल ५० मिमी वर आला असं धर. ८ आणि ११ डिग्रीच्या उतारातला फरक साधारण ०.०५, गुणिले ५०, म्हणजे ड्रॅग लिंक अ‍ॅक्सलपेक्षा अडीच मिमी जास्त सरकली. नकलचा स्टिअरिंग आर्म सव्वाशे-दीडशे मिमी धरला तर चाक एक डिग्रीच्या आसपास वळलं. तू स्टिअरिंग धरून ठेवलंयस आणि चाक आपणहून एक डिग्री वळतंय, ८० च्या स्पीडला. ब्रेक मारल्यावर नाक खाली बसतं म्हणजे तेच होतं, म्हणून नेहमी एकाच बाजूला ओढतं. याला बंप स्टिअर म्हणतात आणि यात टाय रॉडचा काडीचा संबंध नाही. टाय रॉड दोन चाकांना एकमेकांशी जोडतो, तो मनगटाएवढा जाड केलास तरी ड्रॅग लिंक त्याला तेवढीच ढकलणार.

खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून पुढच्या बंपरवर दोघांनी जोर देऊन गाडी वरखाली हलवा आणि आतल्याला स्टिअरिंग सोडून बघायला सांग. ते आपोआप डुलताना दिसेल.

गॅरेजवाल्याने सांगितलं त्यातलं अर्धं खरंय. लिफ्ट केली की पॅनहार्डचा उतार वाढतो आणि अ‍ॅक्सल चासीकडच्या टोकाच्या बाजूला ओढला जातो, दोन इंचाला सात-आठ मिमी. पण त्याचं उत्तर अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड, मूळ भोकांत बसणारा, आठ मिमी लांब केला की झालं, उतार ड्रॅग लिंकबरोबर राहतो. टोक उचलणारा ब्रॅकेट द्यायचाच असेल तर ड्रॅग लिंकचं नकलकडचं टोक पण तेवढंच उचलावं लागतं. एकच उचलला की हा असा बट्ट्याबोळ.

पेठेतला_पान्हा
वा. आणि ब्रॅकेटचा बोल्ट सैल असल्यामुळे डुगडुग. अ‍ॅक्सल आडवा धरणारा एकुलता एक रॉड खेळतोय म्हटल्यावर दुसरं काय होणार. ब्रॅकेटचं भोक अंडाकृती झालं असेल, काढल्यावर बघ. ते नुसतं घट्ट आवळून उपयोग नाही, पुन्हा सैल होतं.

रानगवा
ओके मान्य. पण मग कॅस्टरचं, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाचं, काय? आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात जिम्नी लिफ्ट केली की कॅस्टर बुश (आर्मच्या टोकात बसणारे लवचिक तुकडे) टाकायलाच लागतात.

चाकणचा_चेसिसवाला
@रानगवा बरोबर मुद्दा काढलास. रेडियस आर्म मागे चासीला टेकलेले असतात, गाडी वर गेली की आर्म पुढच्या टोकाला खाली झुकतात आणि अ‍ॅक्सलचा वरचा भाग पुढे फिरतो, म्हणजे कॅस्टर कमी होतो. ठोकताळा म्हणून एक इंचाला एक डिग्री धरतात, पण ठोकताळ्यावर बुश घेऊ नका, अलाइनमेंटच्या मशीनवर लावून छापील आकडे घ्या आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. कॅस्टर कमी झाला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, हायवेला गाडी हलकी हलकी वाटते, आणि डुगडुग सुरू व्हायला थोडंसं निमित्त पुरतं. सलग अ‍ॅक्सलला कॅम्बर अ‍ॅडजस्ट होत नाही, टो टाय रॉडवरून होतो आणि कॅस्टरसाठी ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले) किंवा रेडियस आर्मचं चासीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट.

पण कॅस्टर जास्त परत आणायच्या नादात पिनियनचं तोंड (अ‍ॅक्सलला जिथे शाफ्ट जोडतो ते) खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा अँगल वाढतो, मग ४ हाय, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, टाकल्यावर गुरगुर आणि व्हायब्रेशन. दोन इंचाला मध्यम दुरुस्ती पुरते. आणि बुश कडक पॉलियुरेथेनचे घेतलेत तर खडकात चाक लोंबकळतं तेव्हा अ‍ॅक्सल पिळायला तयार होत नाही, ऑफरोड करणाऱ्याला ते चालणार नाही.

मावळची_मुलुखगिरी
मी ऑफसेट बुश टाकलेत, रबराचे. स्टिअरिंग परत यायला लागलं हे नक्की. बसवताना एक काळजी घ्या, रेडियस आर्मचे आणि पॅनहार्डचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, वजन अंगावर असताना शेवटचे आवळायचे. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना आवळले की खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. माझ्यासमोर मेकॅनिक हवेतच आवळायला निघाला होता, थांबवावं लागलं. समोर उभं राहून काम करून घ्या सरळ, कुणाला राग आला तर येऊ दे.

घाटवेडा_१२
म्हणजे ४० हजारांतलं काहीच लागणार नाही का मग? आणि स्टिअरिंग तिरकं आहे त्याचं काय करायचं, एकाने सांगितलं की स्टिअरिंग व्हील काढून एक दात फिरवून बसवलं की सरळ होतं.

पेठेतला_पान्हा
अजिबात नको!! त्या बॉक्सला मधोमध एक जागा असते जिथे दाते सगळ्यात घट्ट बसतात, प्ले सगळ्यात कमी. गाडी सरळ जाताना बॉक्स त्या जागेवर पाहिजे. तू नुसतं व्हील फिरवून बसवलंस तर दिसायला सरळ पण बॉक्स बाजूलाच, आणि बाजूला प्ले जास्त, म्हणजे सरळ रस्त्यावर कायम भटकणार. ड्रॅग लिंक एका टोकाला सोडायची, स्टिअरिंग या लॉकपासून त्या लॉकपर्यंत मोजून फिरवायचं, बरोबर अर्ध्यावर आणून ठेवायचं. चाकं सरळ करायची. मग ड्रॅग लिंकचा लॉकनट सैल करून लांबी अशी जुळवायची की ती न ओढता न ढकलता आपल्या भोकात उतरली पाहिजे. नवीन स्प्लिट पिन. जुनी वाकवून परत घालायची नाही, दोन रुपयांची वस्तू आहे.

अ‍ॅक्सल मध्ये आलाय का ते ओळंब्याने बघ. दोन्ही बाजूच्या मडगार्डवरून दोरी सोडायची, रिमच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने घ्यायचं, दोन्हीकडे सारखं येईपर्यंत पॅनहार्ड फिरवायचा. गवंड्याकडून ओळंबा आणलास तरी चालेल. क्रम महत्त्वाचा, आधी पॅनहार्ड, मग टो, शेवटी ड्रॅग लिंक. उलटं केलंस तर परत पहिल्यापासून.

चाकणचा_चेसिसवाला
आणि तिरक्या स्टिअरिंगमुळेच ईएसपीचा दिवा लुकलुकतोय. स्टिअरिंग अँगल सेन्सर सांगतो की ड्रायव्हर वळतोय, बाकीचे सेन्सर सांगतात गाडी सरळ जातेय, कंट्रोलरला वाटतं गाडी घसरली. सगळं यांत्रिक काम झाल्यावर स्कॅनर लावून सेन्सरचं शून्य परत सेट करून घे, ओल्या घाटात ईएसपीने चुकीच्या वेळी एका चाकाचा ब्रेक धरला तर महागात पडेल.

आता तुझा मूळ प्रश्न, हेवी ड्यूटी रॉड. ते निरुपयोगी नाहीत. खडकात, नदीपात्रात टाय रॉड आपटून वाकतो, वाकला की टो जातो, रात्रीच्या वेळी आडरानात घरी यायची पंचाईत. असं ड्रायव्हिंग करत असशील तर जाड रॉड जरूर टाक. पण एक समजून घे, कंपनीचा रॉड वाकतो तेव्हा तो मार स्वतःवर घेतो. तो न वाकणारा केलास की तोच मार टाय रॉड एंड, नकलचा आर्म आणि शेवटी बॉक्सवर जातो. वाकलेला रॉड तात्पुरता सरळ करून दहाच्या स्पीडने गावापर्यंत येता येतं, तुटलेल्या नकलने नाही येता येत.

मोठे टायर, बाहेर आलेले रिम यामुळे प्रत्येक खड्ड्याचा धक्का लांबच्या तरफेने किंगपिनवर येतो, स्टिअरिंगला झटके त्यानेही वाढतात. माझं मत विचारशील तर स्पेसर (रिम बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) असतील तर आधी ते काढ, आणि पुढच्या वेळी रिम घेताना ऑफसेट (रिम किती आतबाहेर बसतो ते माप) कंपनीच्या जवळपासचा घे. आर्मला घासतंय तर लॉक स्टॉप (चाक किती वळेल ते अडवणारा बोल्ट) थोडा वाढव, यू टर्न थोडा मोठा होईल इतकंच.

डँपर शेवटी. चांगला डँपर धक्का मऊ करतो, पण सैल बोल्ट झाकतो पण. डबल डँपर टाकला असतास तर डुगडुग काही महिने दबली असती आणि त्या काळात ब्रॅकेटचं भोक आणखी मोठं झालं असतं, मग एक दिवस ९० ला कळलं असतं.

लेथवरचा_माणूस
भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे म्हणून बोलतो. रॉड टर्न करायला लोक येतात. ईएन ८ चा बार घ्या नाहीतर ईएन १९, मटेरियलचं सर्टिफिकेट मागा. एका बाजूला उजवे आटे दुसऱ्या बाजूला डावे, म्हणजे रॉड गाडीवरच फिरवून लांबी जुळवता येते. दोन्हीकडे लॉकनट. आटे रॉडमध्ये किती आत गेलेत ते बघा, टो जुळवता जुळवता टोक चारपाच आट्यांवर लटकलेलं मी बघितलंय. आणि कुणीही पाइपाला टोक वेल्डिंग करून देतो म्हणाला तर उठून बाहेर या. स्टिअरिंगच्या पार्टला वेल्डिंग मी करत नाही, कितीही ओळखीचा असो. 

रोज-एंड, म्हणजे ते उघडे गोल जॉइंट लावा असं पण काही जण सांगतात. दिसायला भारी. आपल्या मावळातल्या चिखलात एका पावसाळ्यात खडखडायला लागतात, वर रबराचं बूट नसतं ना. रोजच्या गाडीला बूटवाले टाय रॉड एंडच बरे.

कायदेपंडित_कोथरूड
आरटीओचं कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. गाडीचे जे मूळ तपशील उत्पादकाने दिलेत आणि नोंदणीत आहेत त्याच्याशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात मालकाने परवानगी नसलेला फेरफार केला तर प्रत्येक फेरफारामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झिजलेला टाय रॉड एंड त्याच स्पेकच्या नव्याने बदलणं म्हणजे दुरुस्ती, ते वेगळं. लिफ्ट आणि मोठे टायर हे फेरफारातच मोडायची शक्यता जास्त. रस्त्यावर कुणी अडवत नाही म्हणून चालतंय सगळं, पण अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने खाली वाकून तो बोल्ट केलेला ब्रॅकेट बघितला तर क्लेमचं काय होईल विचार करा. समोरच्याला लागलं असेल तर आणखी वाईट.

रानगवा
च्यायला, भीती घातलीत राव.

कायदेपंडित_कोथरूड
कायदा सांगितला. माझ्याकडे पण लिफ्ट केलेली गाडी आहे :)

घाटवेडा_१२
अपडेट देतो, उशीर झाला, ऑफिसची धावपळ चालू होती. त्या गॅरेजला परत गेलोच नाही, दुसरीकडे केलं. ब्रॅकेट काढला तर पान्हाकाका म्हणाले तेच, भोक लंबगोल, बोल्टचे आटे एका बाजूने पार गुळगुळीत. अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड मूळ भोकांत बसवला, बोल्ट नवीन. ओळंबा लावून अ‍ॅक्सल मध्ये आणला, मेकॅनिक आधी हसला मग स्वतःच दोरी धरून बसला. बोल्ट गाडी खाली उतरवूनच आवळले. दोन्ही रॉड आता ११ डिग्री आहेत, फोनवर दोनदोनदा बघितलं. अलाइनमेंटच्या मशीनवर कॅस्टर कमी निघाला म्हणून रबराचे ऑफसेट बुश टाकले. टो जुळवला, मग ड्रॅग लिंक, मग स्कॅनर लावून सेन्सर शून्य केला. पुढच्या डाव्या रिममधून चिखलाची ढेकळं निघाली, ताई तुम्हाला दंडवत. चारही बॅलन्सिंग परत.

दरी पुलावरून ८० ने गेलो, जॉइंटला नुसतं धप् होतं आणि गाडी सरळ जाते. स्टिअरिंग सरळ. ईएसपीचा दिवा परत लागला नाही. ब्रेकला ओढत नाही. जोरात खड्ड्यात गेली की स्टिअरिंगला अजून थोडा झटका बसतो, तो बाहेरच्या रिममुळे असावा, रिम बदलेन पुढे कधीतरी. सगळा खर्च त्या ४० हजारांच्या निम्म्यापेक्षा बराच कमी झाला. टाय रॉड आणि डबल डँपर घेतलेच नाहीत, कंपनीचा डँपर तसाच आहे.

पेठेतला_पान्हा
झकास. पाचशेएक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत एकदा टॉर्क रेंचने बघ, विशेषतः पॅनहार्डचे. बोल्ट आणि ब्रॅकेटवर पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून ठेव, फिरला तर रेघ तुटलेली दिसते, खाली वाकलं की कळतं.

रानगवा
तो काढलेला ब्रॅकेट काय करणार? माझ्या मित्राची जिम्नी पण लिफ्ट होतेय, भोक भरून घेईल, द्या की राव.

लेथवरचा_माणूस
भंगारात घाला. कुणालाही देऊ नका.

घाटवेडा_१२
कालच घातला, किलोवर.